कौसल्येचं जपानी

गारखेड्याच्या घराला कुलूप लावताना कौसल्येने दोनदा विचारलं, "अहो, खरंच लेणीलाच चाललोय ना?" शंका रास्त होती. गाईड म्हणून उभं आयुष्य मी अजिंठ्याला जपानी पाहुणे नेले, पण बायकोला कधी नेलं नाही.

सिल्लोडमार्गे जाणारी एसटी मिळाली. फुलंब्री मागे पडली तसे दोन्ही बाजूंना कापूस आणि मका दिसू लागला. सिल्लोडला चहा घेतला. ठेचा-भाकरी गाडीतच खाल्ली. कंडक्टर हसून म्हणाला, "काय आजी, बाबा देवदर्शनाला नेतेत व्हय?"

"नाय बाबा, जपानी बोलाया चाललेय."

तो हसला. मी खिडकीबाहेर पाहिलं. टोमणा मला होता.

तेव्हा इथं एकदा सरळ लिहून टाकतो. माझ्या सत्कारात मी सांगितलं होतं, की जपानी मी एकट्याने कॅसेट ऐकून शिकलो. ते खोटं आहे. कॅसेट दिवसभर ऐकायची ती कौसल्या. संध्याकाळी ती पाहुणी व्हायची, मी गाईड. भाकरी थापता थापता विचारायची, ‘तोइरे वा दोको देसु का’ (शौचालय कुठे आहे). मी अडखळलो की म्हणायची, "लई वेळ लावला. पाहुणी पळाली!" सकाळी निघताना मी ‘इत्ते किमासु’ (जाऊन येतो) म्हणायचं आणि तिने ‘इत्तेराश्शाइ’ (जाऊन या). आपल्यासारखंच तिकडेही नुसतं ‘जातो’ म्हणत नाहीत, याचं तिला फार अप्रूप.

मग एकदा एक जपानी जोडपं आमच्याकडे जेवायला आलं. कौसल्या नवं लुगडं नेसून दारात उभी होती. मी तिला आत नेऊन सांगितलं, "तू बोलू नको. चुकलीस तर माझी फजिती." पाहुण्यांना सांगितलं, हिला जपानी येत नाही. तिने मुकाट्याने पुरणपोळी वाढली. त्या दिवसापासून तिच्या तोंडून एकही जपानी शब्द निघाला नाही. सकाळच्या माझ्या ‘इत्ते किमासु’लाही उत्तर येईना, म्हणून मीही ते सोडून दिलं.

फर्दापूरच्या फाट्यावरून दुसऱ्या बसने आम्ही लेणीच्या पायथ्याशी पोहोचलो. वाघूर नदीचा तो वळसा, वर काळ्या कड्यात ओळीने कोरलेली दारं. कौसल्या बघतच राहिली. पण चढ सुरू होताच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. सावलीतल्या कट्ट्यावर टेकलो. शेजारी एक जपानी म्हातारी गुडघा चोळत बसली होती, तिचा नवरा टोपी सारखी करत उभा होता.

मी वाकून नमस्कार केला आणि कौसल्येकडे हात करून म्हणालो, ‘त्सुमा वा वाताशि नो सेनसेइ देसु’ (माझी बायको माझी गुरू आहे).

म्हातारी आनंदाने कौसल्येशी काहीबाही बोलू लागली. कौसल्येने पदर सावरला, मान खाली घातली. वाटलं, उशीर झाला. सगळं विसरली ही.

तेवढ्यात त्या नवऱ्याने एकट्याने वर जायचं ठरवलं. निघताना बायकोला म्हणाला, ‘इत्ते कुरु यो’ (जाऊन येतो गं).

‘इत्तेराश्शाइ!’

दोन आवाज एकदम आले. तो पायरीवरच वळला. म्हातारीने टाळी वाजवून कौसल्येचा हातच धरला.

"तुम्ही बी जा वर," कौसल्या मला म्हणाली. "आम्हा बायांचं चालू द्या."

मी खालीच थांबलो. लेणी मला पाठ होती. हिचं जपानी मात्र कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. तिने शौचालयसुद्धा विचारून पाहिलं.

इतके प्रवासी वर नेले, पण त्या कट्ट्यावरून परत येताना वाटलं तेवढं सुखरूप घरी आल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या चप्पल शिवून आणायला निघाली. फाटकाशी थांबून म्हणाली, "इत्ते किमासु."

हे उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. शब्द जिभेवर येईपर्यंत ती रस्त्यावर पोहोचली. मी दारातून ओरडलो, "इत्तेराश्शाइ!"

"लई वेळ लावला," ती वळून म्हणाली. "पाहुणी पळाली!"