वांग्यांआधी लागलेलं लग्न

आमच्या घरी भाजी विकत येत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. शेलूबाजारजवळ आमचा मळा, आजोबांपासून भाजीपाल्याचा. घरातली साखर संपली तर शेजारून वाटीभर आणता यायची, पण दुसऱ्याच्या मळ्यातली मेथीची जुडी उंबरठ्याच्या आत यायची नाही. पावसाळ्यात मळ्यात काही नसलं की आई पंधरा-पंधरा दिवस बेसन आणि वाळवलेल्या गवारीवर काढायची. शाळेत असताना मला हा बाबांचा शुद्ध हट्ट वाटायचा. पुण्याला नोकरी लागल्यावर दुकानातून पाव किलो वांगी घेताना मात्र मी उगाच मागे वळून पाहायचे, न जाणो बाबा उभे असतील.

लग्न जमलं पुण्यात आणि ठरलं गावात. नवरा मुलगा केनवडचा, शेतकऱ्याच्याच घरचा, नोकरीला पुण्यातच. दोन्हीकडच्या थोरांनी दोन-तीन बैठकांत आढेवेढे घेऊन हो म्हटलं आणि माघाच्या अखेरीची तारीख काढली. मी संक्रांतीपासून रजा घ्यायची आणि लग्नापर्यंत चांगला दीड महिना घरी राहायचं, हेही ठरलं. बारावीनंतर गाव सोडल्यापासून इतके दिवस मी सलग घरी राहिलेच नव्हते.

मग डिसेंबरात त्याची चेन्नईला बदली झाली. माघाच्या अखेरीस त्याला रजा मिळेना. आम्ही दोघं एका चहाच्या टपरीवर बसलो, मोबाईलमधलं कॅलेंडर उघडलं आणि लग्न तीन आठवडे अलीकडे ओढलं. गुरुजींना फोन केला, त्यांना मुहूर्त सापडला. लग्नासारखी गोष्ट आपण एका कटिंगमध्ये निपटली याचा आम्हाला कोण अभिमान! घरी फोन केला तेव्हा आत्या मागून ओरडली, "उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग!" सगळे हसले. बाबांनी तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "जमते."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले. लग्नाला तीन आठवडे उरले होते. बाबा स्टँडवर घ्यायला आले नव्हते, हे पहिल्यांदाच. आईला विचारलं तर म्हणाली, "तुह्या वांग्याईले पाणी देऊन राह्यले."

"माझी कोणती वांगी?"

"जाय, पाहून ये."

मळ्यात विहिरीच्या अंगाला एक नवीन वाफा होता. गुडघ्याला लागतील अशी वांग्याची झाडं, एकसारख्या ओळीत, बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलेलं. झाडांना जांभळी फुलं होती. वांगं एकही नव्हतं. बाबांनी लग्नाची तारीख ठरली त्याच आठवड्यात रोप टाकलं होतं आणि दिवाळी झाल्यावर लावलं होतं. वांग्याचा पहिला तोडा, म्हणजे पहिली काढणी, थोडका असतो, दुसरा बरा, आणि तिसऱ्या तोड्याला झाड भरून येतं. तो तिसरा तोडा माघाच्या अखेरीस येईल असा हिशेब करून त्यांनी लावणीचा दिवस धरला होता. लेकीच्या पंगतीला मळ्यातलीच वांगी. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात बाकी काहीही असो, वांग्याच्या भाजीशिवाय पंगत उठत नाही.

मी बोटांवर आठवडे मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो आमचाच.

"बाबा, ही तर लग्नाला येत नाहीत."

"आली तर येतीन," ते म्हणाले आणि पाण्याचा कॉक फिरवायला गेले.

प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. आमच्या भागात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला आमच्याकडे. बाबांनी दिवाळीतच सगळ्या गावाला चूलबंद सांगून टाकलं होतं, आणि वर म्हणाले होते, वांगे माह्या मळ्यातले खासान. बाबा कमी बोलतात, म्हणून त्यांचं बोललेलं गाव लक्षात ठेवतं.

कुंकू-अक्षतांचं ताट घेऊन मी आणि आई घरोघर फिरलो तेव्हा ते मला चांगलंच कळलं. पहिली पत्रिका मारोतीला ठेवली आणि मग एकेक दार. जिच्या अंगणात मी लंगडी खेळले ती काकू, जिने मला पहिल्यांदा नऊवारी नेसवून पाहिली ती शेजारची म्हातारी, सगळ्या माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायच्या आणि पुढचं वाक्य एकच: "वांगे हायेत ना वो तुह्या बापाचे?" आई "हायेत ना" म्हणायची. मी ताटाकडे पाहायचे.

आता आठवते तेव्हा ते तीन आठवडे मला एका मोठ्या गडबडीच्या दिवसासारखे वाटतात. वाशिमला बस्ता फाडायला गेलो तेव्हा दुकानदाराने पन्नास साड्यांचा ढीग घातला आणि आत्याला एक्कावन्नावी आवडली. ओसरीवर बायका तांदूळ निवडायला बसायच्या आणि गाण्यांत नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, हे काय उगाच नाही म्हणत! मला सगळं आवडत होतं. नुसती चहाची कपबशी विसळतानाही मनात यायचं, या मोरीपाशी आपण आता असं बसणार नाही. आणि लगेच ती फुलं डोळ्यांपुढे यायची.

त्यात थंडी वाढली. फुलं गळायला लागली. बाबा सकाळ-संध्याकाळ वाफ्यात, कधी कुटार सारखं करत, कधी शेणाची स्लरी देत. घरात लग्नाची धामधूम आणि मुलीचा बाप मळ्यात! मला राहवलं नाही. एका दुपारी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "बाबा, आचाऱ्याला सांगून पनीर करू. आजकाल सगळे करतात."

हात दाखवून अवलक्षण! बाबांनी कप खाली ठेवला. "पनीर कोन्या झाडाले लागते?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी घरी येऊन होणाऱ्या नवऱ्याला फोन केला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. बदली तुझी, रजा तुझी, मुहूर्त तुझा. चेन्नईला रुजू होण्याआधीची रजा घेऊन तो केनवडला आलाच होता; बिचारा दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला. लग्नासाठी घेतलेले पांढरे बूट घालूनच मळ्यात शिरला आणि बाबांसमोर उभा राहिला. "मामाजी, आमीच घाई केली. आमाले मालूम नव्हतं."

"पाय सांभाळा, खाली ठिबकची नळी हाय," बाबा म्हणाले.

मीही तीनदा माफी मागायला गेले. एकदा मोटर चालू करायची होती, एकदा मांडवाची माणसं आली होती आणि एकदा मलाच रडू आलं. ते शब्द तसेच राहिले.

लग्नाच्या तीन दिवस आधी पहिला तोडा झाला. काटेरी, चकचकीत, लिंबाएवढी वांगी, मोजून दोन टोपल्या. आईने टोपल्या पाहिल्या, बाबांकडे पाहिलं. "हे तं घरच्याईलेच पुरतीन."

"हो," बाबा म्हणाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून ब्लाउज आणायला मी वाशिमला गेले. हळदीच्या तोंडावर नवरा-नवरीने भेटू नये असं आत्या म्हणते, म्हणून तिला न सांगता तोही केनवडहून आला होता. शिंप्याचं दुकान उघडायचं होतं. वेळ काढायला आम्ही भाजीबाजाराच्या बाजूने निघालो. सकाळचा हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, चालू होता. लहानपणी मी बाबांबरोबर तिथे यायचे. व्यापारी पुढे उभे राहून बोली बोलायचे आणि बाबा आपल्या मालामागे उभे असायचे, खाली पाहत, माल हातचा सुटेपर्यंत एक शब्द न बोलता. त्या गर्दीत माझी नजर सवयीने मालामागच्या माणसांवरून फिरली.

बाबा पुढच्या बाजूला उभे होते. व्यापाऱ्यांच्या रांगेत.

समोर वांग्याचे कॅरेट होते. बाबा एकेक वांगं उचलून देठ पाहत होते, काटा नखाने तपासत होते. बोली पुकारणारा ओळखीचा होता, तो मोठ्याने हसला. "काहून मामा, आज उलटे उभे राह्यले?"

"घ्याचे हायेत," बाबा म्हणाले.

"तुमी? अन् वांगे?"

चार लोक हसले. बाबांना बोली बोलता येईना. आयुष्यभर ऐकली होती, बोलले कधी नव्हते. एका व्यापाऱ्याने आकडा पुकारला तर त्यांनी एकदम त्याच्या कितीतरी वर पुकारला, आणि पुन्हा हशा पिकला. बाबा हसले नाहीत. कॅरेट त्यांच्या नावावर झाले. माझ्या बाजूचा तो पुढे होऊन कॅरेट उचलू लागायला निघाला होता. मी त्याचा शर्ट धरला. आपल्याला कुणी पाहिलं हे बाबांना कळता कामा नये, एवढंच मला सुचलं. आम्ही एका चहाच्या गाड्यामागे उभे राहिलो, दोघंही लग्नाच्या वयाची शहाणी माणसं, आणि मी त्याच्या खांद्याआड तोंड लपवून रडले.

लग्न दुपारचं होतं. मांडवात कोण आलं, मामाने मला कसं उभं केलं, मंगलाष्टकं किती लांबली, यातलं मला फारसं आठवत नाही. पंगती आठवतात. गाव चूलबंद आलं होतं. बाबांचा कन्यादानापर्यंत उपास होता, पण नंतरही ते बसले नाहीत. भाजीची बादली घेऊन स्वतः वाढत फिरले. एका म्हाताऱ्याने बोटं चाटत विचारलं, "मळ्यातले ना?" बाबा थांबले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बजारातले हायेत, आबा. थोडेसे मळ्यातले हायेत." म्हातारा म्हणाला, "वाढ मंग अजून." कुणाचं काही बिघडलं नाही. पण मी स्टेजवरून बाबांचे कान लाल झालेले पाहिले.

आत्याने नंतर सांगितलं, सकाळी बाबांनी आचाऱ्याजवळ उभं राहून त्या दोन टोपल्या सगळ्या कढयांत सारख्या वाटून टाकल्या होत्या. कोणाच्या तरी पानात एक तरी जाईल म्हणून.

शेवटची पंगत आमची, नवरा-नवरीची. त्याने बाबांच्या हातातली बादली काढून घेतली आणि त्यांना ओढून माझ्या बाजूला बसवलं. स्वतः त्यांना वाढलं, मग माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन बसला. बाबा खात नव्हते. पानातलं वांगं उलटून पाहत होते.

"काय पाहून राह्यले, बाबा?"

"आपलं हाय का ते."

"मग?"

"समजत नाई."

मीही माझ्या पानातलं फोडून पाहिलं, चाखलं. मलाही समजलं नाही. मग तीन आठवडे अडलेलं एकदम तोंडून बाहेर पडलं. "चुकलं आमचं, बाबा. तुमाले न विचारता तारीख बदलली. तुमाले बजारात उभं राहा लागलं. म्या पाह्यलं तुमाले."

बाबांनी मान वर केली नाही. आपल्याला बाजारात कुणी पाहिलं याचंही त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

"वांग्याचं काय घेऊन बसली? लोक चार दिवस बोलतीन अन् भुलतीन," ते म्हणाले. "दीड महिना राहीन म्हणली होती तू. म्या एकेक दिवस धरून बसलो होतो. वांगे नाई आले तं बजारातून आणले. तुहे तीन आठवडे कोन्या बजारातून आणू?"

माझ्या पलीकडे त्याचा घास हातातच राहिला. मी बाबांचा मनगटापाशी हात धरला. त्या हाताला अजून हळदीचा आणि झाडाच्या काट्यांनी ओरखडल्याचा पिवळा-तांबडा रंग होता.

बाहेर वरातीच्या गाडीने हॉर्न दिला. निघायचा मुहूर्त टळून राह्यला म्हणून कोणीतरी मांडवाच्या दारातून हाका मारत होतं. त्याने तिकडे पाहून हाताने थांबा अशी खूण केली.

बाबा जेवायला लागले. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघंही पानावरून उठलो नाही.