मिलोशभाऊंच्या फोटोपुढची मेणबत्ती

बायांनो, घाईघाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या शेजारी सर्बियाचे मिलोशभाऊ राहतात. तिकडच्या सिनेमांत त्यांनी पन्नास वर्षं काम केलंय. हिरो नव्हेत हो, दर सिनेमात मरणारे! परवाच नातीने त्यांचा एक सिनेमा लावला होता.

आज दुपारी नातीला घेऊन त्यांच्याकडे शिरा द्यायला गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. समोर भाऊंचा मोठा फोटो आणि फोटोपुढे पेटलेली मेणबत्ती! तिच्या गळ्यात पडून मी मोठ्याने रडले. ती बिचारी बावरली.

तेवढ्यात किचनमधून भाऊच बाहेर आले, ॲप्रन घालून! त्यांच्या कुळदेवाचा सण होता. मेणबत्ती देवासाठी होती; त्याची तसबीर फोटोशेजारीच होती, मला दिसलीच नाही. मी आनंदाने त्यांच्या हाताला चिमटाच काढला.

नातीने त्यांना सगळं समजावलं. भाऊंना कोण आनंद! म्हणाले, "मग सिनेमात मी मेलो तेव्हा किती रडलात?"

मी म्हटलं, "तेव्हा मी मेथी निवडत होते."

चेहरा एवढासा झाला हो त्यांचा. खोटं बोलायला हवं होतं का मी?