सत्तरपैकी सत्तर

गेल्या महिन्यात घोडेगावहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता चांगला मिळवता झाला आहे आणि शिल्लक टाकण्यासाठी काहीतरी वेगळे शोधतो आहे. "सर, ती ग्रेडिंग केलेली नवीन प्रूफ नाणी घ्यावीत का? तुमच्याकडं हायेत असं कळलं. पुढं किंमत येती का?" मी म्हणालो, "विचार करून सांगतो." हे वाक्य मी आयुष्यभर वापरत आलो आहे, आणि त्यानंतर बहुतेक वेळा मी काहीच सांगितलेले नाही. या वेळी मात्र मी खरोखर विचार केला. तो फोनवर सांगता येण्यासारखा नव्हता, म्हणून लिहीत आहे. लिहिण्याची मला सवय नाही. चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

प्रूफ नाणे हे बाजारात फिरण्यासाठी नसते. जपून ठेवण्यासाठीच ते टाकसाळीत वेगळ्या काळजीने पाडलेले असते. त्याची पाठ आरशासारखी लखलखीत असते आणि तिच्यावरचे चित्र दुधाच्या सायीसारखे उठून दिसते. त्याला उघडे बोट लावायचे नसते. असे नाणे ग्रेडिंगसाठी पाठवले की तेथील परीक्षक ते भिंगाखाली तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि गुणांच्या चिठ्ठीसह कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. डबी फोडली की गुण गेले.

मी या नादाला लागलो तेव्हा माझे वय एकोणसाठ होते. आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलातून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त होऊन मी नारायणगावजवळ वारूळवाडीला राहायला आलो होतो. पुण्यात भरलेल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात सहज गेलो आणि तिथे ही सीलबंद नाणी पाहिली. मला घासाघीस करता येत नाही. समोरच्याला "हे खरे आहे ना?" असे विचारतानाही माझाच चेहरा पडतो. इथे विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. सगळे चिठ्ठीवर छापलेले होते. शिवाय मी बत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या होत्या आणि पैकीच्या पैकी गुण कुणाला क्वचितच दिले होते. सत्तरपैकी सत्तर मिळालेली एक वस्तू आपल्या हातात असावी, असे मला वाटले. ते पहिले नाणे घेऊन एस. टी.ने परतताना नारायणगाव येईपर्यंत मी ते तीनदा पिशवीतून काढून पाहिले.

बघता बघता अशी बारा नाणी झाली. पत्नीला मी ती दाखवली नाही, आणि दाखवूनही उपयोग नव्हता. मधुमेहाने तिची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार तिला कळे, माणसाची आकृती कळे. बाकी सगळे ती हातांनी पाहत असे. मीठ कुठले आणि साखर कुठली, हे ती चिमटीवरून सांगे. माझा सदरा उलटा असेल तर खांद्यावर हात ठेवताच तिला समजे.

तिचे माहेर आणे गावच्या पठारावरचे. तिच्या आईच्या गळ्यात चांदीच्या सहा राणीछाप रुपयांची माळ होती. आई वारली तेव्हा माळ मोडली, त्यांतला एक रुपया आईच्या कपाळाला लावला आणि उरलेले पाच लेकीकडे आले. आमच्या भागात माणूस गेले की निरोप देण्यापूर्वी त्याच्या कपाळाला कुंकवात बंदा रुपया लावतात. पत्नीने मला एकदाच, पण अगदी स्पष्ट सांगितले होते, "माझ्या कपाळाला आईच्यातलाच रुपाया लावा. खाच असलेला. बाकीचे कुणाला बी द्या." आम्हाला मूल नव्हते. तेव्हा हे काम माझ्याशिवाय कुणाचे असणार नव्हते.

ते पाच रुपये देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात असत. नाण्यांची पुस्तके वाचू लागल्यावर मी एके दिवशी ते भिंगाखाली धरले. राणीचा चेहरा झिजून सपाट झाला होता. प्रत्येकाच्या कडेला माळेची कडी बसवताना दिलेला झाळणाचा डाग होता, आणि एकाच्या कडेला नखाएवढी खाच. अशा नाण्यांना ग्रेडिंगवाले गुण देत नाहीत. 'खराब केलेले' असा शेरा मारून परत पाठवतात. मला त्या रुपयांची लाज वाटली. हे लिहिणे जड जाते, पण दुसरा शब्द सापडत नाही. पुढच्या प्रदर्शनात मला आणखी एक पूर्ण गुणांचे नाणे घ्यायचे होते आणि पेन्शनला हात लावायचा नव्हता. श्रावणात मी ते पाचही रुपये नारायणगावच्या एका सराफाकडे मोडीत घातले. त्यांच्या जागी पूजेच्या दुकानात मिळतात तसली पांढऱ्या धातूची पाच खोटी राणीछाप नाणी ठेवली. स्वतःसाठी मी खरेपणाची चिठ्ठी असलेले नाणे विकत घेतले आणि न दिसणाऱ्या बायकोच्या डब्यात खोटी नाणी ठेवली. विचारले असते तर तिने कदाचित चार दिलेही असते. पण विचारणे मला जमत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती पाटावर बसली. डबा मीच तिच्या पुढ्यात ठेवला. तिने नाणी दुधात धुतली, मग पाण्यात घातली, आणि पाण्यातच तिचे हात थांबले.

"अहो."

"काय?"

"पाणी लई गार हाय का? का माझी बोटं मेली?"

डॉक्टरांनी तिला सांगून ठेवले होते की या आजारात पुढे बोटांची जाणीवही जाऊ शकते. तिला त्याचीच भीती होती; डोळे गेल्यावर बोटांखेरीज तिच्याकडे काही उरले नव्हते. मी म्हणालो, "पाणी गार आहे."

तिने पूजा पुरी केली. हळदकुंकू वाहिले, लाह्या-बत्तासे ठेवले, आरतीला नेहमीसारखा बारीक सूर लावला. नंतर मी फुलबाज्यांची राख झाडत होतो, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. "माझी बोटं न्हाई मेली. डब्याला खडबड हाय ती कळती, वातीचा पीळ कळतो. आईचे रुपाये कुठं हायेत?"

मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने विचारले, "मंग मगाशी पाणी गार हाय का म्हणाला?" आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

पाडव्याला पेढी उघडताच मी नारायणगावला गेलो. सराफाचे घराणे मूळचे राजस्थानातले, पण चार पिढ्या इथेच नांदलेले. तो आमच्यासारखेच बोलतो.

"या सर, बसा. पाडव्याला काय चढवताय वहिनींच्या अंगावर?"

"मी श्रावणात पाच राणीछाप दिली होती. ती परत हवी आहेत. म्हणाल तो भाव देतो."

"ती कुठली आता? गौरी-गणपतीच्या आधीच आटणीत गेली. राणीबाई कुणाच्या तरी पायात पैंजण होऊन वाजत असतील." तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. "काय झालं, सर?"

मी खिशातून सत्तर गुणांची एक डबी काढून त्याच्यापुढे ठेवली. हिच्या बदल्यात तरी काही होईल, असे काहीतरी माझ्या मनात असावे. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"शोकेससकट आणलंय! हे सत्तर काय?"

"गुण. सत्तरपैकी."

"पोरगं हुशार निघालं म्हणायचं." मग त्याने अजीजीने सांगितले, "रागावू नका सर, पण ह्यात चांदी निम्मीच असती. तुमच्या त्या राणीछापात रुपायाला जवळजवळ पंधरा आणे चांदी व्हती. हे फोडून आणा, चांदीचा भाव करू. प्लास्टिकचा भाव माझ्याकडं न्हाई."

"गुणांना काही किंमत नाही?"

"ज्याला गुण पायजेत त्याच्याकडं असंल. असं गिऱ्हाईक नारायणगावात तुमीच एक."

त्याचे म्हणणे अपुरे होते, हे मला माहीत आहे. पुण्या-मुंबईत असे गिऱ्हाईक असते. जुन्या, दुर्मीळ नाण्याला खरे-खोटे ठरवण्यासाठी ग्रेडिंगचा उपयोगही असतो. पण कालपरवा पाडलेले प्रूफ नाणे टाकसाळीतून निघते तेच जवळजवळ निर्दोष असते. ते एका डबीतून दुसऱ्या डबीत जाते. घराबाहेर कधी न पडलेल्या मुलाला चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र द्यावे, तसे ते गुण असतात. एकोणसत्तर आणि सत्तर यांतला फरक मला भिंगातूनही कधी दिसला नाही; तो फक्त किमतीत दिसला. विद्यार्थ्याला सांगायचे ते एवढेच आहे. मला स्वतःला ते भिंग विकत घेण्यापूर्वीच समजायला हवे होते.

सराफाने राणीछाप रुपयांची एक वाटी माझ्यापुढे ओतली. "राणीछापच पायजेत ना? ह्यातली घ्या पाच. तीच कशाला हवीत?" मी अर्धा तास निवडत बसलो. कडेला डाग असलेली पाच शोधली, आणि एकाला खाच असावी म्हणून प्रत्येकाची कड नखाने चाचपली. तेव्हाही मी फसवण्याचाच विचार करीत होतो. खाच कुठल्याच रुपयाला नव्हती.

घरी येऊन ती मी तिच्या ओंजळीत ठेवली. तिने एकेक अंगठ्याखाली फिरवले.

"ही खरी हायेत."

"हो."

"पण दुसऱ्याच्या घरची हायेत. कुणाची तरी आई असंल ह्यातबी. परत देऊन या."

मी दुसऱ्या दिवशी ती परत केली. जेवताना मी तिला विचारले, "मग तुझ्या त्या... कपाळाचं काय?" ती म्हणाली, "तुमच्या खिशातला लावा कुठला बी. घरचा असला म्हंजे झालं." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. तो पितळी डबाही मला पुन्हा काढायला सांगितला नाही; शेजारच्या वहिनींना सांगू लागली.

पुढे मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाणे, परत येताना गाडीच्या खिडकीला डोके टेकून तिचे बसणे, असे वर्ष गेले. बोटे अखेरीस खरोखरच बधिर झाली. मीठ की साखर, हे ती मला विचारू लागली.

पौषातल्या एका सकाळी ती गेली. आळीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला. मी ओसरीवर बसलो होतो. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "सर, बंदा रुपाया द्या."

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. खुंटीवरचा सदरा पाहिला, पिशवी पाहिली, पाकीट उलटे केले, नोटा निघाल्या. दोनतीन वर्षे मी सगळीकडे मोबाईलनेच पैसे देत होतो. त्यात दुकानदाराशी बोलावे लागत नाही, सुटे आहेत का विचारावे लागत नाही, म्हणून मला ते फार आवडे. घरात एक रुपया नव्हता. डब्यातून काढून खणात टाकलेली ती पाच खोटी नाणी तेवढी होती. मी खण बंद केला.

मग कपाट उघडले. बारा डब्या ओळीने उभ्या होत्या. सराफाला दाखवलेली सत्तर गुणांची काढली आणि उखळाच्या कडेवर आपटली. ती फुटेना. बत्ता घेऊन कोपऱ्यावर मारला, तेव्हा बारीकसा तडा गेला. आत नाणे जागच्या जागी लखलखत होते. तड्यातून ते बाहेर काढता येईना.

बाहेरून कुणीतरी म्हणाले, "आवाज कसला येतोय?" कुणी म्हणाले, "ऊन चढलं, आवरा." नंतर वहिनींचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या सर, लावला माझ्यातला."

थांबा, असे म्हणायचे होते. मी डबी कपाटात ठेवली आणि बाहेर आलो. तिच्या कपाळावर वहिनींच्या कनवटीचा रुपया होता, आणि त्याच्या कडेने कुंकू ओघळले होते.

पुढे दोनदा वहिनींचा तो रुपया फेडायला एक रुपयाचे नाणे घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दार न वाजवताच परत आलो. त्या डबीच्या कोपऱ्यात तडा आहे. चिठ्ठी शाबूत आहे, आणि तिच्यावरचे गुण अजून सत्तरच आहेत.