सुकट न घातलेले वाल

लेस्बियन हा शब्द मी बरीच वर्षं वापरला, पण तो काखेत घट्ट झालेल्या ब्लाउजसारखा काचायचा. कारण कॉलेजात एका मुलावर माझा जीव जडला होता, अगदी खराखुरा. आता एका मुलीवर जडलाय, तोही तितकाच खरा. मग मी खोटारडी की काय?

नवीन पनवेलला आमच्यासारख्यांच्या एका गटात गेले. कुणी म्हणालं गे, कुणी पॅनसेक्शुअल, कुणी असेक्शुअल. माझी पाळी आली तेव्हा मी कॉलेजातला मुलगा नि आताची मुलगी, दोघांबद्दल सांगितलं. शेजारची बाई हसली. "अगं, पुरुषही आवडतात नि बायकाही, तर बायसेक्शुअल म्हण. नाही पटला शब्द तर सोडून दे, कुणी दंड घेत नाही." इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! रिक्षा न करता विचुंब्याला घरापर्यंत चालत आले.

त्याच भरात आईला सगळं सांगून टाकलं. सांगणं भागच होतं, कारण रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि आमच्याकडे एकदा पाहुणे जेवून गेले की साखरपुडा झाल्यातच जमा. ऑफिसातली मैत्रीण नुसती मैत्रीण नाही, आम्हाला एकत्र राहायचंय, हेही बोलले.

आई कोलंबी सोलत होती. सगळं ऐकलं नि तिचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे पोरगे पन आवडतात ना तुला? मंग झालं की! पोरगाच बघू. रविवारचं हाय तसंच ऱ्हाऊ दे."

अस्सा संताप आला! ज्या शब्दानं मी सुटले, त्यातच आईनं मला पकडलं होतं.

"आई, बाबांच्या आधी तुला मोरा गावातलं स्थळ आलं होतं ना? आवडला होता ना तो?"

"गप गं." पण गाल लाल झाले.

"म्हणजे तुला दोघं आवडले होते. मग बाबांच्या जागी तो चालला असता?"

"तुझ्या बापाच्या जागी? डोकं फिरलं का तुझं?"

बाबा गेल्यापासून आई त्यांच्या उशीवर कुणाला डोकं टेकू देत नाही. तिनं अर्धवट सोललेली कोलंबी ताटात ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तुला हीच पायजे."

"हीच."

तिनं हात धुतले, पदराला पुसले नि मोरा गावात राहणाऱ्या माझ्या मावशीला फोन लावला. रविवारचं स्थळ तिनंच आणलं होतं. "रविवारी पावन्यांना आनू नको. आमच्या पोरीचं ठरलंय." मावशी पुढे काय काय विचारत होती, आईनं फोन ठेवूनच दिला. मला हुंदकाच फुटला.

"रडतेस काय? पापलेटं सांगून ठेवलीत. तिलाच बोलव जेवायला."

"ती माळकरी घरातली आहे गं. मासे खात नाही."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आता हिला खायला काय घालू मी?"

रविवारी ती आली. आईनं वाल केले होते. आमच्याकडे वालात सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, पडली नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या घासालाच मला कळलं. तिला बिचारीला काय कळणार? ती आपली मजेत जेवत होती, आणि आई तिला आग्रह करकरून वाढत होती.