झाकणावर हात

जुन्या माणसाच्या आठवणीचा लेख हातात आला की तुम्ही नाक तयार ठेवून बसता, मला माहितीये. आता प्राजक्त येणार, नायतर मोगरा. थांबा, वास येतोय, पण तो कारल्याचा आहे. सकाळपासून बंद डब्यात घामाघूम झालेल्या कारल्याच्या भाजीचा, तिच्या शेजारच्या लसणाच्या चटणीचा, आन दोन्हींवर चढून बसलेल्या मशीनच्या ऑईलचा, जे साबणानं कितीबी घासलं तरी नखात राहतंच. शेंद्र्याच्या एका कंपनीत, कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मी रोज दुपारी डबा घेऊन बसतो, झाकणावर हात ठेवतो, आन त्या वासातून एक म्हातारा फिटर वर येतो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. आता ते रिटायर झालेत, त्यांची खुर्ची मला मिळाली. खुर्ची मिळाली एवढंच. बसता अजून येत नाय.

माझं आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजंल. मला आवाज लागतात. कोणाचाबी आवाज कानात शिरला की तो तिथंच खोली करून राहतो. पिशोरला शाळेत होतो तेव्हा दाराआडून हेडमास्तरांच्या आवाजात नुसतं खाकरलो, तर अख्खा वर्ग उठून उभा राहिला, आन वर्गात खुद्द हेडमास्तरच शिकवत होते. पैठणची एसटी चढावर कशी कण्हते, गल्लीतला भंगारवाला दुपारच्या झोपेत कसा ओरडतो, सगळं येतं मला. शब्द मी लक्षात ठेवत नाय. सूर धरतो, शब्द त्याला लटकून येतात.

मामांचा सूर मला लई आवडायचा. डबा पुढ्यात आला की ते झाकणावर उजवा हात पालथा ठेवायचे, डोळे मिटायचे, नाकानं एक लांब श्वास घ्यायचे आन पुटपुटायला लागायचे. जुना पंखा खालच्या नंबरवर फिरावा तसा आवाज. समोरच्याला नुसती घरघर ऐकू यायची. मी शेजारी बसायचो, आन माझे कान असे, म्हणून मला सगळं कळायचं. जेवणाबद्दल एकच वाक्य असायचं त्या प्रार्थनेत. बाकी सगळे आम्ही. ‘बापा, कँटीनवाल्याच्या आईचे डोळे संभाळ. बापा, त्या नव्या पोराला मशीनवर हात जपायची बुद्धी दे. बापा, सुपरवायझर लई चिडतो, त्याला रात्री झोप दे.’ हे झालं की आमेन, मग झाकण उघडायचं, आन अर्धी भाकर पहिलं दुसऱ्याच्या डब्यात.

आता लाजेची गोष्ट. मामा आन मी एकाच चर्चचे. शहरातल्या जुन्या दगडी चर्चमधे ते पुढून तिसऱ्या बाकावर, मी आईबरोबर सगळ्यात मागं, पंख्याखाली. आडनावावरून आमचं काय कळत नाय, आन मी कळू दिलंबी नव्हतं. लेथवरचा पोरगा फोन उचलला की पहिलं ‘जय भीम’ म्हणायचा, चांगलं खणखणीत. पॅकिंगवाले भाई शुक्रवारी डबा अर्धा सोडून नमाजला पळायचे. कोणी त्यांना काय म्हणत नव्हतं. मला तरी कोण काय म्हणणार होतं? पण हसवणाऱ्या माणसाला एक भीती असते, की आपल्यावरच कोणी हसलं तर. मामांनी ते ओळखलं असणार. रविवारी चर्चच्या फाटकात ते माझा हात हातात घेऊन, आमच्या चर्चच्या रीतीनं, ‘सलाम, बाळा’ म्हणायचे. सोमवारी कँटीनमधे मात्र सगळ्यांसारखंच ‘राम राम’. माझी चोरी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जपली. पाळकसाहेब उपासनेत येशूच्या शिष्यपणाबद्दल बोलायला लागले की मला वाटायचं, हे काहीतरी लई उंच, कडेकपारीतलं काम असणार, जरा वय झाल्यावर बघू. सोमवार ते शनिवार तेच शिष्यपण माझ्या कोपराला कोपर लावून बसत होतं, कारल्याचा वास घेत.

तर एक दिवस मामांना स्टोअरमधून यायला उशीर झाला. त्यांचा डबा टेबलावर, खुर्ची रिकामी.

‘अय मिमिक्री,’ लेथवाला म्हणला, ‘मामा नायत तर मामांचं होऊन जाऊ दे.’

‘सुना ना मियां,’ पॅकिंगवाले भाई म्हणले, ‘बडबडते क्या है वो, आज मालूम तो पड़ेंगा.’

मी मामांच्या खुर्चीवर सरकलो. डब्यावर हात पालथा ठेवला. नाकानं श्वास घेतला, एवढ्यावरच हशा पिकला. मग चालू झालो, पंखा एक नंबर वाढवून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. नकलेत कँटीनवाल्याची आई आली, तो पळी हातात घेऊन हसत बाहेर आला. सुपरवायझरची झोप आली, टेबल बडवले गेले. आन सूर पुढं चालला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला क्रेनवाले दादा बसलेले. त्यांचा पोरगा पुण्याला परीक्षेचा अभ्यास करतोय, हे ते सगळ्यांना सांगायचे. आन ‘बापा’ म्हणून मी श्वास घेतला तेव्हा पुढची ओळ कोणती आहे हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणलो असतो तर बरं दिसलं असतं. पण कळलं होतं. थांबता आलं असतं, ठसका लागल्याचं नाटक तर मला झोपेतबी येतं. पण हसू असं रंगात आलं होतं की ते सोडवेना.

‘बापा, क्रेनवाल्याचं लेकरू त्या व्यसनमुक्तीच्या केंद्रात हाय, त्याचे हात थरथरत्यात, त्याला आजची रात्र निभावून ने.’

दोघं-तिघं हसले, सवयीनं. मग कोणीच नाय. कँटीनवाल्याच्या पळीतून आमटी ठिबकत होती तेवढीच. मी डोळे उघडले तर दारात मामा उभे.

दादांनी हळूच डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडं बघितलंबी नाय. मामांजवळ जाऊन म्हणले, ‘मामा, एका तुमच्यापाशीच बोललो होतो मी.’

मामांना खरं ते म्हणून सुटता आलं असतं: याला मी सांगितलं नाय, यानं चोरून ऐकलं, हे एवढंच. पण ते म्हणले, ‘चुकलं माझं. मोठ्यानं बोलत असंन मी.’

दादा गेले. लेथवाला माझ्याकडं वळून म्हणला, ‘तुला एवढं पाठ कसं रे? तूबी त्यांच्यातलाच का?’

‘नाय बा,’ मी म्हणलो. ‘शेजारी बसतो ना, म्हणून.’

मामा ऐकत होते. तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

त्यानंतर दादा डबा घेऊन एकटेच वर क्रेनच्या केबिनमधे बसायला लागले. मामा झाकणावर हात तसाच ठेवायचे, पण आता ओठ घट्ट मिटलेले. घरघर बंद. तुम्हाला सांगतो, कंपनीत एवढा आवाज, पत्रा कापतात, हातोडे पडतात, पण मला दुपारभर ती बंद पडलेली घरघरच ऐकू यायची. मी कोणाची नक्कल केली नाय. कोणी मागितलीबी नाय.

खरं काय मोडलं ते मला रविवारी दिसलं. उपासना सुटल्यावर दादा मोटरसायकल घेऊन चर्चच्या फाटकाशी यायचे आन मामांना मागं बसवून पैठण रोडला त्या केंद्रात घेऊन जायचे. बापाला बघितलं की पोरगं तोंड फिरवायचं, मामांशी मात्र बोलायचं, असं मामांच्या पुटपुटण्यातूनच मला कळलेलं. त्या रविवारी मामा फाटकाशी उभे राहिले. मफलर बांधलेला, हातात केळ्यांची पिशवी. लोकं सलाम करून निघून गेली, चर्चचं दार लागलं, सावली भिंतीला येऊन टेकली. मोटरसायकल आली नाय. आई म्हणली, ‘मामा कोणाची वाट बघतायत रे?’ मी म्हणलो, ‘काय माहीत.’ आईपुढंबी तेच माझं तोंड.

सोमवारी मी डबा न उघडताच क्रेनच्या शिडीखाली जाऊन उभा राहिलो. वर बघून, आपल्या स्वतःच्या आवाजात, जो मला कधीच नीट जमत नाय, म्हणलो, ‘दादा, मामांनी मला काय सांगितलं नाय. मी शेजारी बसून ऐकायचो. मीबी त्यांच्याच चर्चचा. मागच्या बाकावर असतो.’ सुट्टी नुकतीच झालेली, लेथ बंद, सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हसलं नाय. पॅकिंगवाले भाई नुसते म्हणले, ‘इत्ते दिन छुपाने का क्या था रे?’ वर दादांनी केबिनचं दार लावून घेतलं.

पण पुढच्या रविवारी मोटरसायकल आली. दादा फाटकाबाहेरच उभे, इंजिन चालू, नजर रस्त्याकडं. मी मामांच्या मागं मागं गेलो. मनात, लाज वाटते सांगायला, शाबासकीची थोडी आशा होती. म्हणलो, ‘मामा, ती नक्कल केली त्याबद्दल...’

मामा गर्रकन वळले. इतक्या वर्षांत त्यांचा तो सूर मी कधी ऐकला नव्हता, आन आजबी काढू शकत नाय.

‘नकलेचं काय घेऊन बसला? माझी नात करती माझी नक्कल, तुझ्यापेक्षा झ्याक. मला एक सांग. माझ्या कुशीला बसून समदं ऐकलंस. कोणाची आई, कोणाचं लेकरू, समदं पाठ झालं तुला. त्या पोरासाठी एकदा तरी, मनातल्या मनात तरी, आमेन म्हणलास? ते तिकडं रात्र रात्र तळमळत होतं, आन इकडं त्याच्यासाठी मागणारा मी म्हातारा एकटाच, असं समजून मी रोज मागत होतो. एकटा कशाला राहिलो असतो रे मी? दोघं होतो आपण त्या टेबलावर. दोघं!’