लग्नातल्या चपलेचं वायसर

थापा मारण्यात माझा हात धरणारा पवनेच्या काठी कुणी नव्हता. मी धरलेला मासा सांगता सांगता बैलगाडीएवढा व्हायचा आणि ऐकणारे खूश होऊन चहा पाजायचे. त्यात लाज कसली? कुणी खरं धरतच नव्हतं. पण खरोखर केलेलं काम स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हटलं, की माझी वाचाच बसायची.

स्वातंत्र्याला अजून दहा वर्षंही झाली नव्हती. पिंपरीच्या माळावरच्या एका नव्या कारखान्यात मी हंगामी फिटर होतो. साहेब आमच्यातल्या एकालाच कायम करणार होते. कायम झाल्याशिवाय सासरे बायकोला खेडहून पाठवणार नव्हते.

त्या उन्हाळ्यात पाण्याचा पंप बंद पडला. आतलं चामड्याचं वायसर फाटलेलं, नवं पुण्याहून येणार कधी कोण जाणे. ऊन तर असं, की सरडे सावलीसाठी आमच्या पायांशी रांग लावायचे. मी माझी लग्नातली चप्पल कापली, चामडं तेलात मुरवलं आणि वायसर करून बसवलं. पंप धो धो चालला.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे कुणी केलं. आमच्या खात्याची रीत अशी, की कौतुकाची वेळ आली की शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं. ‘मी’ म्हणणारा आगाऊ. मी म्हणालो, सगळ्यांनी मिळून केलं.

“सगळ्यांना कायम करता येत नाही,” साहेब म्हणाले आणि कागदात डोकं घातलं.

बाहेर आमचे मिस्त्री बिडी ओढत होते. त्यांच्या हाताखालीच मी काम शिकलो. झालेलं सांगितलं, तशी त्यांनी बिडी विझवली.

“राव, माशासाठी दिवसभर बोंबलतोस आणि चपलेचं नाव घ्यायला लाजतोस?”

“स्वतःची टिमकी कशी वाजवू, मिस्त्री?”

“टिमकी कोण वाजव म्हणतंय? काय बिघडलं, तू काय केलंस, आता कसं चालतंय. बस. वर मीठमसाला टाकू नको.”

मी तसाच आत परतलो. सांगितलं, जेवढं होतं तेवढंच. वायसर बसवताना मिस्त्रींनी दांडा धरला होता, तेही सांगितलं. साहेब माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे मघाशीच सांगायचं की हो.”

मी कायम झालो, बायको आली. माझ्या थापा तिला लग्नापासूनच ठाऊक. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, एवढ्या लोकांतून तुम्हालाच कसं घेतलं?

“चप्पल कापून पंप चालू केला.”

“आणि पुढं?”

“पुढं काही नाही.”

तिनं उठून माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.