पाचाचा नियम

डेल्फिया स्लोनच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली ती पिकअपच्या दारात. मोडली म्हणजे नवऱ्याने मोडली. बर्लने तिचा हात चौकटीवर दाबून धरला, तिच्या डोळ्यांत बघत दार ओढलं आणि हाडाचा आवाज ऐकून पुन्हा एकदा ओढलं. दवाखान्यात मात्र दार वाऱ्याने लागलं असं त्यानेच सांगून टाकलं. डॉक्टरने मान डोलावली. आमच्या खोऱ्यात वारा बायकांवर फार खार खाऊन असतो, हे डॉक्टरलाही ठाऊक होतं.

तिचा गुन्हा एवढाच की रविवारी धाकट्या दिरादेखत तिने बर्लला नेमबाजीत हरवलं होतं.

चर्च सुटलं की स्लोन मंडळी जुन्या कोळसाखाणीपाशी, डोंगर कापून केलेल्या सपाटीवर जमत. बर्ल आणि डेल्फिया, धाकटा एस्टिल आणि त्याची बायको लव्हिस. लव्हिस मक्याचा पाव आणि पातेलंभर घेवडा घेऊन यायची आणि गाडीतच बसून राहायची. बाकीचे फळीवर रिकामे डबे मांडून वीस पावलांवरून बावीस नंबरच्या रिव्हॉल्वरने पाडत. हरेल त्याने जाऊन डबे पुन्हा मांडायचे. पण प्रत्येकाचं रिव्हॉल्वर उघडून गाडीच्या मागच्या फळीवर ठेवल्याशिवाय आणि 'मोकळं' अशी हाक दिल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक नियम होता, तो बर्लच्या बापाचा. रिव्हॉल्वर कुठलंही असो, काडतुसं पाचच भरायची. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरच्या चक्रात काडतुसांची सहा घरं असतात; घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असला आणि हत्यार हातातून निसटलं, तर बार उडतो. बर्लच्या काकाचा गुडघा असाच गेला. म्हणून घोड्याखालचं सहावं घर रिकामं ठेवायचं. पुढे काका मेला, म्हातारा मेला, ही भीती नसलेली नवी रिव्हॉल्वरं आली, पण स्लोन लोक पाचावर अडले ते अडलेच. पाच बार ऐकले की हत्यार रिकामं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

डेल्फिया सतरा वर्षं हॉबर्ट रॅटलिफच्या हार्डवेअरच्या दुकानात होती. खिळे, बिजागऱ्या, कोंबड्यांचं खाद्य, आणि मागच्या काचेच्या कपाटात बंदुका. बावीसचं रिव्हॉल्वर घ्यायला आलेला माणूस हॉबर्टकडे नाही, तिच्याकडे वळायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: काय मारायचंय? एकदा एक जाडजूड गडी आखूड नळीच्या, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्वरवर हटून बसला. डबे मारायचेत म्हणाला. तिने विचारलं, "डबे काय खिशात येऊन बसणार आहेत तुझ्या?" बिचारा लांब नळीचं घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी भोपळा घेऊन आला. गिऱ्हाइकाला चाप ओढून बघू द्यायच्या आधी ती प्रत्येक घरात भिंतीत ठोकायचे पिवळे प्लॅस्टिकचे गट्टे बसवायची. बावीसचं काडतूस कडेला ठोका बसून पेटतं, त्यामुळे रिकाम्या घरावर घोडा पाडला की घराची कड चेपते. एखाद्याने न विचारता तसा चाप ओढलाच, तर ती तोंड सोडायची.

पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं आकड्यासारखी वाकडी झाली होती. मोजदाद, पुडकी बांधणं, गल्ला, सगळं ती डाव्या हाताने करायला शिकली. बर्ल ते बघत होता. एका संध्याकाळी त्याने तिचं डोकं स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "अजून एक हात शिल्लक आहे. पुन्हा मला खाली बघायला लाव, तोही दारात घालतो." डेल्फियाला मार नवा नव्हता. पण हे बोलणं नवं होतं. डावा हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की दिवसरात्र त्या घरात, त्या माणसासोबत. मग ती फार दिवस जगणार नाही, हे तिला कळत होतं.

शहाणी बाई नेमबाजी सोडून देती. पण आठवडाभरात तिला स्वतःचं म्हणता येईल असं तेवढंच होतं. का सोडायचं?

ती काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हॉबर्टला म्हणाली, "मला दाखवा. डाव्या हाताचं गिऱ्हाईक आहे असं समजा."

हॉबर्टने तिच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं आणि चार रिव्हॉल्वरं कापडावर मांडली. पहिलं आखूड नळीचं, त्याला तिने हातही लावला नाही. दुसरं बर्लच्यासारखं जुन्या धाटणीचं. त्यात एकेक काडतूस बारीक दारातून सारावं लागतं, आणि तिच्या वाकड्या बोटांतून तीनदा काडतूस जमिनीवर पडलं. तिसरं लांब, जड, अस्सल निशाणबाजीचं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी इतकी सुरेख होती की डोळा हटेना, पण दहा मिनिटांत डावं मनगट थरथरायला लागलं. चौथं जुनंच होतं, मुठीचं लाकूड घासलेलं. वजनाला बेताचं, आणि घोड्यापर्यंत अंगठा सहज पोचत होता. घोडा मागे ओढला की चाप लोण्यासारखा हलका. चक्र बाजूला उघडायचं, एका दाबात सगळ्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर, आणि भरायला बोटांची नजाकत लागत नव्हती, तळहात पुरत होता. तिने तेच घेतलं.

"याला घरं नऊ आहेत," हॉबर्ट म्हणाला.

"असू देत. आम्ही पाचच भरतो," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मात्र तिने नऊ भरली. गाडीच्या आडोशाला उभं राहून तळहाताने एकेक ढकलली. लव्हिस गाडीतून बघत होती. तिने पाहिलं आणि मान वळवून पावाचे तुकडे करत बसली.

बर्लची पाचांतली दोन चुकली. तो सकाळपासून पिऊन होता. डेल्फिया डाव्या हाताने उभी राहिली. पाच बार, पाच डबे. एस्टिलला हसू आवरलं नाही. "जा दादा, मांड आता," तो म्हणाला.

बर्ल 'मोकळं'ची वाट न बघता तरातरा चालत गेला. फळीपाशी वाकला. उठला तेव्हा त्याच्या हातात डबा नव्हता, नारळाएवढा दगड होता. तो तिच्याकडे बघतच परत येऊ लागला. एस्टिलचं हसू मावळलं, पण तो जागचा हलला नाही. त्याच्या घरीही हेच चालायचं, तो कुठल्या तोंडाने अडवणार होता?

डेल्फियाने अंगठ्याने घोडा ओढला. बर्लला तो आवाज ऐकू आला आणि तो हसला.

"रिकामं हत्यार दाखवतेस होय? ठेव तो हात गाडीच्या फळीवर," तो म्हणाला. "नीट ठेव. एकाच घावात होईल."

"बर्ल, तिथेच थांब."

त्याने दगड वर उचलला. चार पावलांवर तिने त्या दगड धरलेल्या हातावर चाप ओढला. डब्याहून मोठं निशाण होतं ते. दगड त्याच्या खांद्यावर आपटून खाली पडला. उजव्या हाताचं पहिलं बोट मधूनच उडालं होतं आणि दुसरं कातड्याला लोंबत होतं. रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. तो ओरडला नाही. ज्याच्यावर आयुष्यभर भरवसा ठेवला ते खोटं निघाल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

"पाच झाली होती," तो म्हणाला.

"याच्यात नऊ बसतात," डेल्फिया म्हणाली आणि अंगठ्याने पुन्हा घोडा ओढला. "अजून तीन आहेत."

बर्ल गुडघ्यांवर बसला आणि मग लहान मुलासारखा रडू लागला. तिला त्याची कीव आली नाही. येईल असं तिला वाटलं होतं.

शेरीफने एस्टिलला विचारलं. भावाची बाजू घ्यायची तर बापाच्या नियमांवर पाणी सोडावं लागलं असतं. शेवटी त्याने खरं तेच सांगितलं: मोकळं अशी हाक कुणी दिली नव्हती, दादा पुढे गेला, आणि दगड त्याच्या हातात होता. शेरीफने वही मिटली. बर्लला त्याची बहीण पलीकडच्या खोऱ्यात घेऊन गेली. तो पुन्हा आला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी लव्हिस दुकानात आली. गळ्याशी घट्ट रुमाल बांधला होता, आणि त्याखालून बोटांचे निळे वळ डोकावत होते. ती खिळ्यांपाशी थांबली, खाद्यापाशी थांबली, आणि शेवटी काचेच्या कपाटापाशी येऊन उभी राहिली.

डेल्फियाने ठरलेला प्रश्न विचारला. "काय मारायचंय?"

"डबे," लव्हिस म्हणाली.

डेल्फियाने कापड अंथरलं आणि पिवळ्या गट्ट्यांची डबी पुढे ओढली. "घरं किती हवीत?"

लव्हिसने दाराकडे एकदा बघून घेतलं. बाहेर गाडीत एस्टिल बसला होता.

"नऊ," ती म्हणाली.